निकालाचा कागद कोणासाठी?

वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात पावसाळा सरता सरता दोन निरनिराळ्या खात्यांची मोजमापे साधारण एकाच सुमारास चाललेली असतात. महसूल खात्याची माणसे पीक कापणी प्रयोग करून गावोगावची पैसेवारी काढतात, ती पन्नास पैशांच्या वर राहिली की खाली गेली याची नोंद तहसील कचेरीमार्फत वर पाठवितात, आणि टंचाईचा निर्णय करताना तो आकडा विचारात घेतला जातो; शिक्षण खात्याची माणसे त्याच दिवसांत प्रथम सत्राची संकलित चाचणी घेतात, उत्तरपत्रिका तपासतात, आणि प्रत्येक मुलाचे गुण भ्रमणध्वनीवरून विद्या समीक्षा केंद्राच्या हवाली करतात. दोहोंतील साम्य येथेच संपत नाही. पैसेवारी गावाची निघते, शेताची निघत नाही. आपल्या धुऱ्याच्या आत सोयाबीन किती झाले आणि तूर का वाळली हे शेतकऱ्याला त्या आकड्यातून कळत नाही, व कळावे अशी सरकारची अपेक्षाही नसते. शेतकऱ्याला स्वतःच्या शेतासाठी हवे असते ते माती परीक्षण, ज्याचा निष्कर्ष २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिकेच्या रूपाने त्याच्या हाती देण्याची व्यवस्था आहे: नत्र किती, स्फुरद किती, पालाश किती, आणि कशाची उणीव भरून काढली असता कोणते पीक घेता येईल. प्रस्तुत आढाव्याचा विषय असा की, पाचवी ते आठवीच्या मुलांच्या ज्या परीक्षा आपण घेतो, त्यांचे निकाल माती परीक्षणासारखे वापरता येण्याजोगे असूनही आपण ते पैसेवारीसारखे वापरतो, आणि ज्या मुलाच्या पुढील शिक्षणाचा व उपजीविकेचा प्रश्न त्यात गुंतलेला असतो त्याच्या घरापर्यंत त्यातले फारसे काही पोहोचत नाही.

परीक्षांचे दुर्भिक्ष मात्र नाही. तिसरी ते आठवीच्या मुलांसाठी २०२३-२४ पासून नियतकालिक मूल्यांकन चाचण्या सुरू झाल्या: सत्राच्या आरंभी पायाभूत, मग संकलित एक व दोन, विषय प्रथम भाषा, गणित व इंग्रजी. शिक्षण हक्काच्या नियमांत २०२३ मध्ये दुरुस्ती होऊन पाचवी व आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली, आणि पुनर्परीक्षेतही अनुत्तीर्ण झालेल्याला त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद झाली. त्याखेरीज पाचवीला नवोदय विद्यालयाची निवड परीक्षा आहे. आठवीला आर्थिक दुर्बल घटकांची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा, जिला शिक्षकांच्या बोलण्यात ‘एनएमएमएस’ यापलीकडे नाव नाही. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा आहेत. आणि १९५४-५५ पासून चालत आलेली राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा आहे, जी दीर्घकाळ चौथी-सातवीला होती, २०१६-१७ साली पाचवी-आठवीला नेली गेली, आणि २०२५-२६ पासून पुन्हा मूळ जागी आणण्याचा निर्णय झाला. परीक्षेचे वर्ग इकडून तिकडे हलविण्यात जितकी प्रशासकीय शक्ती खर्ची पडली, तिच्या चतुर्थांशाने जरी निकालाचा अर्थ पालकांस समजावून देण्याचे काम झाले असते तरी हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते.

मोजमापाचा मूळ हेतू काय होता याचे स्मरण येथे अप्रस्तुत होणार नाही. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि त्याचा सहकारी सिमाँ यांनी बुद्धिमापनाची पहिली श्रेणी तयार केली ती हुशार मुले निवडण्यासाठी नव्हे, तर वर्गात मागे पडणाऱ्या कोणत्या मुलांना विशेष साहाय्याची गरज आहे हे ओळखण्यासाठी. तीच श्रेणी आपल्या मुलांस उपयोगी पडावी म्हणून व्ही. व्ही. कामत यांनी कन्नड व मराठी मुलांवर तिचे प्रमाणीकरण केले आणि त्यासंबंधीचा त्यांचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. ‘बिने-कामत चाचणी’ हे नाव आजही मानसशास्त्रज्ञांच्या तोंडी आहे. परभाषेतली चाचणी जशीच्या तशी उचलून आपल्या मुलांच्या माथी मारू नये, ही दृष्टी मराठी मुलखात इतक्या आधी आली होती ही गोष्ट अभिमानाची आहे, आणि तिचा पुढे विसर पडला ही खेदाची. स्वातंत्र्योत्तर काळात मुदलियार आयोगाने १९५२-५३ मध्ये शाळांतून मार्गदर्शनाची शिफारस केली, १९५४ साली दिल्लीत शैक्षणिक व व्यावसायिक मार्गदर्शनाचे केंद्रीय कार्यालय निघाले, १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने मार्गदर्शन हे शिक्षणाचे अंगभूत कार्य मानले. पुण्यात १९६२ साली आप्पा पेंडसे यांनी स्थापन केलेल्या ज्ञानप्रबोधिनीने बुद्धीच्या विविध पैलूंचे स्वतंत्र मापन करण्याची परंपरा निर्माण केली. परंतु हे सारे पुण्या-मुंबईच्या परिघात राहिले. सातवीतल्या मुलाची चाचणी करून त्याच्या आईवडिलांशी तासभर बोलणारा प्रशिक्षित समुपदेशक तालुक्याच्या गावी असणे ही आजही कल्पनेतली गोष्ट आहे, आणि म्हणून त्याचे काम वर्गशिक्षकालाच, हजेरी, पोषण आहार आणि निरनिराळ्या माहितीचे तक्ते यांतून उरलेल्या वेळात करावे लागणार हे गृहीत धरूनच पुढचा विचार केला पाहिजे.

आता एक निकाल प्रत्यक्ष उलगडून पाहू. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला दीडशे गुणांचे दोन पेपर असतात: पहिल्यात प्रथम भाषेचे पन्नास व गणिताचे शंभर, दुसऱ्यात इंग्रजीचे पन्नास व बुद्धिमत्ता चाचणीचे शंभर, प्रत्येक प्रश्नाला दोन गुण, आणि पात्र ठरण्यासाठी दोन्ही पेपरांत प्रत्येकी चाळीस टक्के, म्हणजे साठ गुण, हवेत. समजा, परीक्षा आठवीला असताना एखाद्या बंजारा तांड्यावरच्या मुलाला मराठीत १६, गणितात ४०, इंग्रजीत १२ आणि बुद्धिमत्तेत ५८ गुण पडले. पहिल्या पेपरात त्याचे ५६ होतात, दुसऱ्यात ७०; एकूण ३०० पैकी १२६, म्हणजे बेचाळीस टक्के; आणि शेरा ‘अपात्र’. शाळेच्या फलकावर पात्र विद्यार्थ्यांची नावे लागतात, तालुक्याच्या गटात अभिनंदनाचे संदेश फिरतात, आणि दोन प्रश्नांनी हुकलेले हे पोर ‘नापास’ या एका शब्दानिशी घरी जाते. २०२४ च्या परीक्षेत राज्यभरातील आठवीच्या परीक्षार्थींपैकी सुमारे पंधरा टक्केच पात्र ठरले होते. म्हणजे उरलेल्या पंच्याऐंशी टक्क्यांसाठी त्या निकालाचा अर्थ हा एवढाच.

पण तोच कागद जरा थांबून वाचला तर तो किती बोलतो! या मुलाचे सर्वांत चांगले गुण ज्या भागात आहेत, त्या भागात आकृत्या, अंकमाला, संगती यांचे काम अधिक आणि भाषेचे ओझे त्यामानाने कमी आहे. त्याला सर्वांत मागे खेचले ते दोन भाषांनी. गणितातील ४० गुणांविषयी मात्र घाईने मत देऊ नये. कारण आठवीच्या गणितात शाब्दिक उदाहरणे पुष्कळ असतात, आणि उदाहरण न सुटणे व उदाहरण वाचता न येणे या दोन भिन्न व्याधी आहेत. त्यांचे निदान करण्यास कोणतेही उपकरण लागत नाही. शिक्षकाने चुकलेली पाच उदाहरणे त्या मुलाला मोठ्याने वाचून दाखवावीत आणि मग सोडवावयास सांगावे. त्यांतली तीन सुटली तर रोग गणिताचा नाही, वाचनाचा आहे, आणि औषध शिष्यवृत्तीच्या मार्गदर्शिकेत नसून शाळेच्या वाचनपेटीत आहे. एकही सुटले नाही तर अपूर्णांक, गुणोत्तर, शेकडेवारी यांपैकी कोठे पाय घसरतो ते पाहावे. हे न करता ‘गणित कच्चे’ असा शेरा मारणे म्हणजे मातीचा नमुना न घेताच खताची गोणी ओतणे होय.

या कागदाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. चार पर्यायांतून बहुधा एकच निवडावयाचा आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, अशा परीक्षेत डोळे मिटून खुणा करणाऱ्यालाही दीडशेपैकी पस्तीसच्या आसपास गुण केवळ योगायोगाने पडू शकतात. तेव्हा पस्तीस आणि बेचाळीस यांत काही भेद आहे असे समजून दोन मुलांची तुलना करणे निरर्थक आहे. उलट, तापाने फणफणलेल्या किंवा पहाटे उठून दूरच्या केंद्रावर पोहोचलेल्या मुलाचे गुण त्याच्या सामर्थ्याहून कमी दिसतात. एका दिवसाच्या परीक्षेवर मुलाचा मार्ग कायमचा ठरवून टाकण्याचा प्रयोग इंग्लंडने १९४४ च्या कायद्यानंतर अकराव्या वर्षाच्या परीक्षेद्वारे करून पाहिला. मुलांची विभागणी निरनिराळ्या शाळांत झाली, आणि काही दशकांतच त्या देशाच्या बहुतेक भागांनी ती पद्धत मोडीत काढली. आपल्याकडे कायद्याने तशी विभागणी नाही. ती घरातल्या घरात, ‘याच्याने व्हायचे नाही’ या एका वाक्याने होते.

मानोऱ्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. बंजारा समाजाचे श्रद्धास्थान असलेले पोहरादेवी याच तालुक्यात आहे. सेवालाल महाराजांच्या दर्शनासाठी देशभरातून येथे लोक येतात, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात तेथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. तालुक्यातील तांड्या-तांड्यांवर मुलांच्या घरची भाषा गोरमाटी आहे. मूल बोलू लागते ते गोरमाटीत, भांडते ते गोरमाटीत, हिशेबही मनातल्या मनात त्याच भाषेत करते, आणि शाळेत पाऊल टाकताच मराठी ही त्याची ‘प्रथम भाषा’ असल्याचे त्याला कागदोपत्री कळते. प्रथम भाषेच्या रकान्यातले त्याचे गुण हे वस्तुतः दुसऱ्या भाषेतले गुण आहेत, आणि इंग्रजी ही त्याच्यासाठी तिसरी वा, हिंदी धरल्यास, चौथी भाषा आहे. कामतांनी ज्या कारणासाठी फ्रेंच-इंग्रजी चाचणीला मराठी व कन्नड रूप दिले, त्याच कारणासाठी तांड्यावरच्या मुलाचे मराठीतले गुण वेगळ्या नजरेने वाचले पाहिजेत. त्याचा अर्थ त्याला मराठीत सूट द्यावी असा नव्हे. पुढील सारे शिक्षण ज्या भाषेत व्हावयाचे ती त्याला उत्तम आलीच पाहिजे. अर्थ इतकाच की, त्या गुणांवरून त्याच्या बुद्धीविषयी निष्कर्ष काढू नये. ज्या समाजाने अकरा वर्षांहून अधिक काळ राज्याचे मुख्यमंत्रिपद सांभाळणारे वसंतराव नाईक दिले, त्याच्या मुलांविषयी हे वेगळे सांगावे लागावे ही जरा चमत्कारिकच गोष्ट आहे.

निकालाचा पैशाशी थेट संबंध जेथे येतो ती एनएमएमएस परीक्षा. केंद्र शासनाने २००७-०८ साली सुरू केलेल्या या योजनेत निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये, मिळतात. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे, सातवीत पंचावन्न टक्के गुण हवेत (अनुसूचित जाती-जमातींना पन्नास), आणि महाराष्ट्राच्या वाट्याला ११,६८२ जागा आहेत. परीक्षा नव्वद-नव्वद प्रश्नांच्या दोन भागांची: एक बौद्धिक क्षमतेची, दुसरी शालेय विषयांची. ज्या घरात आठवीनंतर मुलाला शिकवावयाचे की कामाला लावावयाचे हा प्रश्न जूनच्या पेरणीबरोबर येतो, तेथे ही रक्कम मामुली नाही. पण सातवीच्या वार्षिक निकालातील पंचावन्न टक्क्यांची अट पुष्कळ पालकांना आठवीत अर्ज भरण्याच्या मुदतीतच कळते, तेव्हा सातवी मागे पडलेली असते. दहावीला साठ टक्के पडले नाहीत तर अकरावीपासून शिष्यवृत्ती थांबते, हे तर कित्येकदा ती थांबल्यावरच कळते. शिवाय शासकीय वसतिगृहात राहून भोजनादी सवलती घेणारी मुले, नवोदय वा केंद्रीय विद्यालयातील मुले आणि विनाअनुदानित शाळांतील मुले या योजनेस पात्र नाहीत. म्हणजे मुलाला वसतिगृहात ठेवावयाचे की गावातून अनुदानित शाळेत जाऊ द्यावयाचे हा निर्णय करतानाच हा हिशेब मांडावा लागतो. सातवीच्या आरंभी पालकसभेत पंधरा मिनिटे खर्च केली तर एवढे सारे सांगून होते.

आता ज्या कागदाकडे सर्वांत कमी लक्ष जाते त्याकडे वळू. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, आणि प्रगतिपत्रकात अ-१, अ-२, ब-१ अशा श्रेणींबरोबर वर्णनात्मक नोंदींचे तीन रकाने आले: विशेष प्रगती, आवड/छंद, सुधारणा आवश्यक. कल्पना अतिशय सुंदर होती. सहा-सात वर्षे, दर वर्षी दोन वेळा, मुलाला रोज पाहणाऱ्या माणसाने लिहिलेल्या नोंदी एकत्र वाचल्या तर कोणत्याही छापील चाचणीहून अधिक विश्वसनीय असे त्या मुलाचे चित्र उभे राहावे. प्रत्यक्षात काय झाले? तयार नोंदींच्या पुस्तिका निघाल्या, पुढे त्या भ्रमणध्वनीवरून फिरू लागल्या, आणि ‘आवड/छंद’ या रकान्यात मुले पिढ्यान् पिढ्या चित्रे काढू लागली, गोष्टी वाचू लागली आणि खेळात सहभागी होऊ लागली. त्यात शिक्षकाला दोष देऊन भागणार नाही; चाळीस मुलांच्या प्रत्येकी आठ विषयांच्या नोंदी ठरावीक मुदतीत पुऱ्या करावयाच्या, आणि त्या कोणीही वाचणार नाही हे ठाऊक असावयाचे, अशा स्थितीत शहाणा माणूसही नक्कलच करील. परंतु एखादी मुलगी बिघडलेल्या मोटारपंपाशी बापाबरोबर तासभर बसते, एखादा मुलगा आठवडी बाजारात आईच्या भाजीचा हिशेब तोंडी करतो, कोणी बकरीचा पाय बांधून देते, कोणाला होळीची लेंगी गाताना ठेका चुकत नाही, हे शिक्षकाला माहीत असते; आणि या गोष्टी त्या रकान्यात एका ओळीत लिहिल्या गेल्या तर आठवीच्या अखेरीस त्यांचे मोल कळेल. अख्ख्या राज्यात व्यवसाय-मार्गदर्शनाचे सर्वांत स्वस्त साधन म्हणून या रकान्याकडे बोट दाखविता येईल, आणि तो आपण बाजारातून भरून आणतो.

कलचाचणीचा अनुभव याच्याशी ताडून पाहण्याजोगा आहे. राज्य मंडळाने श्यामची आई फाउंडेशनच्या सहकार्याने २०१६ पासून दहावीच्या मुलांची कलचाचणी सुरू केली; कृषी, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तंत्र, गणवेशधारी सेवा, कला व मानव्यविद्या अशा सात क्षेत्रांतील कल त्यातून सांगितला जाई. काही वर्षे ती चालली, मग बंद झाली. कल्पना वाईट नव्हती. तिची वेळ चुकली होती आणि तिचा पायाही कच्चा होता. दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर कल कळून काय उपयोग, हा एक आक्षेप. दुसरा अधिक खोल आहे: जे कधी पाहिलेच नाही त्याचा कल मुलाला कोठून असणार? तांड्यावरच्या मुलाने शिक्षक पाहिलेले असतात, पोलीस, गाडीचा चालक, आरोग्यसेविका आणि तलाठी पाहिलेले असतात. मृदाशास्त्रज्ञ, भूमापक, क्ष-किरण तंत्रज्ञ त्याने पाहिलेले नसतात. नव्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचविले आहेत, ते येथे कामी यावेत. रिसोड तालुक्यातील करडा येथील कृषी विज्ञान केंद्र, वाशीमचे शासकीय तंत्रनिकेतन, तेथेच २०२४ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही ठिकाणे मानोऱ्याहून एका दिवसात जाऊन येण्याजोगी आहेत. अमेरिकेत ‘एक्सप्लोअर’ नावाची एक परीक्षा आठवीच्या मुलांसाठी बरीच वर्षे होती, आता ती बंद झाली. तिच्या निकालपत्रात चार विषयांच्या गुणांशेजारीच मुलाच्या आवडींचा आणि त्या आवडींशी जुळणाऱ्या व्यवसायसमूहांचा निष्कर्ष छापलेला असे, आणि तो कागद मुलाच्या हाती पडे. दोन गोष्टी एका पानावर आणण्याची ही युक्ती परदेशी म्हणून टाकून देण्याचे कारण नाही. आपल्या प्रगतिपत्रकात ती आहेच, केवळ भरावयाची राहिली आहे.

पुढची वाट आठवीतच दिसू लागते ती तिच्यावरच्या उंबरठ्यांमुळे. आयटीआय आणि तंत्रनिकेतन यांचे प्रवेश दहावीच्या गुणांवर होतात. पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या ज्या मुलांना अग्निवीर व्हावयाचे आहे त्यांच्यापैकी किती जणांना ठाऊक असते की, जनरल ड्यूटीसाठी दहावीला एकूण पंचेचाळीस टक्के आणि प्रत्येक विषयात तेहेतीस गुण लागतात? धावण्याचा सराव दोन वर्षे चालतो, आणि अडतो तो बहुधा गणित-इंग्रजीच्या रकान्यात. पोलीस शिपायाला बारावी हवी. परिचारिका होऊ इच्छिणाऱ्या मुलीने बी.एस्सी. नर्सिंगला जावयाचे असेल तर अकरावीला जीवशास्त्रासह विज्ञान शाखाच घ्यावी लागते, कला शाखेतून तो मार्ग नाही. विज्ञान शाखेची भीती मुलींच्या मनात बसते ती आठवीच्या बीजगणितापाशी, आणि घरातली माणसे तिला दुजोरा देतात, कारण कला शाखेचे महाविद्यालय जवळ असते आणि विज्ञानाच्या प्रयोगशाळेसाठी एस.टी.ने दूर जावे लागते. अहिल्याबाई होळकर योजनेखाली बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना एस.टी.चा प्रवास मोफत आहे. आणि जुलै २०२४ च्या निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या, इतर मागास वर्ग, आर्थिक दुर्बल व सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कात संपूर्ण सवलत मिळाली. म्हणजे पुष्कळदा अडचण पैशाची उरत नाही, बीजगणिताची उरते. आणि ते आठवीत दुरुस्त करता येते, बारावीत येत नाही.

तेव्हा करावयाचे काय, तर फार थोडे. संकलित चाचणी दोन झाल्यावर, एप्रिलच्या अखेरीस, सातवी-आठवीच्या प्रत्येक मुलाबरोबर त्याच्या आईला किंवा बापाला बोलवावे. जे तांडे दिवाळीनंतर कामासाठी रिकामे होतात तेथे माणसे परत आल्यावर बोलवावे. तीन कागद समोर असावेत: चाचण्यांचे विषयवार गुण, प्रगतिपत्रकातील नोंदी, आणि शिष्यवृत्ती वा एनएमएमएस दिली असल्यास तिचा निकाल. शिक्षकाने पात्र-अपात्र, श्रेणी, क्रमांक हे शब्द शक्यतो उच्चारू नयेत. मुलाला काय येते, काय येत नाही, जे येत नाही ते जूनपासून कसे भरून काढावयाचे, आणि त्यावाचून पुढचे कोणते दार अडेल, इतकेच बोलावे. आणि मुलाला काय व्हावेसे वाटते हा प्रश्न विचारल्यावर उत्तर येईपर्यंत गप्प बसावे. चाळीस मुलांच्या वर्गाला प्रत्येकी वीस मिनिटे धरली तर सारे मिळून तेरा-चौदा तास होतात, म्हणजे जेमतेम तीन दिवस. गुणांची माहिती वर पाठविण्यात शिक्षकाचे वर्षभरात याहून कितीतरी अधिक दिवस जातात. केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत एखाद्या महिन्याचा विषय म्हणून हे काम ठरले तर त्यासाठी मंत्रालयाच्या नव्या हुकमाची वाट पाहावी लागू नये. गोरमाटी बोलणारा एखादा शिक्षक वा आठवी-दहावी शिकलेली तांड्यावरचीच एखादी मुलगी त्या वेळी जवळ बसली तर आई अधिक मोकळेपणी बोलेल, आणि ‘आवड/छंद’ या रकान्यात काय लिहावे हे बहुधा तिच्याच बोलण्यातून मिळेल.